बेथलेहेमाचे पाणी आणि आपला चहा

शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३-१७, नीतिसूत्रे २०:१४, याकोब ५:१-६
आणखी वाचावे : लेवीय १९:१३, ३५-३६; अनुवाद २४:१४-१५; आमोस ८:४-६



या महिन्याच्या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो काहींना उपासनेच्या पुस्तकापेक्षा स्वयंपाकघराच्या फडताळात शोभेल असा वाटेल. विषय आहे चहा. आणि तो ज्या डोंगरात पिकतो तेथील माणसाच्या हाती आपला पैसा कसा पोहोचावा, हा. परंतु पवित्र शास्त्र तराजू, मापे, मजुरी आणि पाण्याचा पेला यांविषयी इतके बोलते की चहाच्या कपाविषयी ते गप्प राहील असे मानण्याचे कारण नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांनी हा पाठ मोठ्या मुलांच्या वर्गासाठी व तरुण संघासाठी वापरावा.

१. दाविदाने पाणी का प्यायले नाही?

प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. दावीद अदुल्लामाच्या गुहेत आहे. हंगामाचे दिवस आहेत. बेथलेहेमात, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावी, पलिष्ट्यांचे ठाणे बसले आहे. गावच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची त्याला आठवण होते आणि ते कोणी आणून देईल काय, असे तो बोलून जातो. तिघे वीर शत्रूच्या छावणीतून वाट काढतात, पाणी शेंदतात आणि घेऊन येतात. दावीद ते पीत नाही, परमेश्वरापुढे ओततो. जी माणसे जिवावर उदार होऊन गेली त्यांचे हे रक्तच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न आहे.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, दाविदाने हुकूम केला नव्हता. त्याने फक्त इच्छा बोलून दाखवली. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची साधी इच्छादेखील दुसऱ्याला धोक्यात घालू शकते. आपण गिऱ्हाईक म्हणून दुकानात जातो तेव्हा आपणही कोणाला हुकूम करीत नाही. "जरा स्वस्तातला द्या हो," एवढेच म्हणतो. पण लाखो घरांची ही साधी इच्छा एकत्र होऊन डोंगरापर्यंत जाते, आणि तेथे ती कोणाच्या तरी मजुरीतून कापली जाते.

दुसरी, दाविदाने विचारले. पाणी हाती आले, ते थंड होते, गोड होते, एवढ्यावर तो थांबला नाही. ते कसे आले आणि त्यासाठी कोणी काय मोजले हे त्याने पाहिले. खरेदीविषयीची ख्रिस्ती शिकवण येथून सुरू होते.

तिसरी, त्याने पाणी वाया घालवले नाही. मुले हा प्रश्न हमखास विचारतात. 'ओतणे' हे त्या काळी अर्पणाचे कृत्य होते. माणसाच्या जिवाची किंमत ज्यात आहे ती वस्तू देवाची आहे, सहज घोट घेऊन विसरण्याची नाही, असे त्याने तिघांसमक्ष कबूल केले.

२. एका कपात तीन वस्तू

बडोद्याच्या कोणत्याही घरातला सकाळचा चहा घ्या. त्यात पाण्याखेरीज तीन वस्तू आहेत : दूध, साखर आणि पत्ती. तिन्हींमागे माणसे आहेत. पण तिन्हींची कथा सारखी नाही.

दुधाची कथा आपल्या शेजारचीच आहे. बडोद्याहून आगगाडीने तासाभराच्या आत आणंद येते. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचे दूध मुंबईला जाई, पण भाव ठरवणारा मधला व्यापारी असे. १९४६ च्या जानेवारीत समरखा गावी शेतकऱ्यांची सभा झाली व व्यापाऱ्याला दूध न देण्याचे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४९ मध्ये तेथे आलेले डॉ. व्हर्गीस कुरियन हे केरळातील ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले. पुढे बडोदे जिल्ह्याचाही असाच संघ १९५७ मध्ये उभा राहिला. आज गुजरातेतील खेड्यात बाई सकाळी दूध घालते, माप व स्निग्धांश तिच्यासमोर पाहिला जातो, आणि त्यावर तिचा पैसा ठरतो. लेवीय १९:३५-३६ मध्ये खऱ्या मापाची जी आज्ञा आहे ती प्रत्यक्षात कशी दिसते हे मुलांना दाखवायचे असेल, तर जवळच्या गावातील दूध मंडळीत सकाळी घेऊन जावे.

साखरेची कथा अर्धीच सरळ आहे. दक्षिण गुजरातेतील व महाराष्ट्रातील बहुतेक जुने साखर कारखाने सहकारीच. ऊस पिकवणारा शेतकरी त्यांचा सभासद आहे. पण ऊस तोडणारा सभासद नाही. दिवाळीनंतर डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून आदिवासी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन तोडीला उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजावे यातच सारे आले. त्यांत आपल्याच मंडळ्यांतील कुटुंबे असतात. हंगाम सुरू झाला की तेथील उपासनामंदिरे ओस पडतात आणि मुलांची शाळा सुटते. याकोब ५:४ वाचताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे, कारण तो प्रेषित कापणी करणाऱ्यांविषयीच बोलत आहे. 'सहकारी' हे नाव असले म्हणजे न्याय आपोआप होतो असे नाही. मेजाभोवती कोणाला जागा मिळाली आणि कोण दाराबाहेर राहिला, हे पाहावे लागते.

तिसरी वस्तू पत्ती. हिच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी माहिती आहे, कारण ती सर्वांत लांबून येते.

३. पत्तीमागची माणसे

आसामच्या डोंगराळ भागात चहाचे झाड होतेच. तेथील सिंगफो लोक ते जाणत होते, आणि आजही ते बांबूच्या नळीत चहा भरून धुरावर ठेवतात. १८२३ च्या सुमारास रॉबर्ट ब्रूस या स्कॉट व्यापाऱ्याला त्याची माहिती सिंगफोंकडूनच मिळाली. त्यानंतर मोठे मळे उभे राहिले आणि मजुरांची गरज पडली. छोटा नागपूर व आसपासच्या भागांतून मुंडा, उराँव, संथाळ अशा जमातींची माणसे करारावर नेली गेली. करार मोडून पळणाऱ्यास शिक्षा करण्याचे कायदे होते. १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले तेव्हा चांदपूर येथे त्यांच्यावर शिपाई घालण्यात आले आणि पटकीने माणसे मेली. त्या वेळी त्यांच्या मदतीला धावून जाणाऱ्यांत दीनबंधू सी. एफ. अँड्र्यूज होते.

या मजुरांत ख्रिस्ती पुष्कळ होते व आहेत. रांचीत १८४५ मध्ये सुरू झालेल्या गॉसनर मिशनच्या मंडळ्यांतील कुटुंबे आसामात गेली आणि त्यांनी तेथे प्रार्थनामंदिरे बांधली. तेव्हा पत्ती खुडणारी बाई ही आपल्याला केवळ 'लांबची मजूर' नाही. ती बहुधा आपल्यासारखीच रविवारी गीत गाणारी बहीण आहे.

आता थोडा हिशेब करू. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा.

भारतात माणशी वर्षाला सुमारे ८०० ग्रॅम चहा लागतो. शंभर कुटुंबांची मंडळी, घरटी पाच माणसे, म्हणजे ५०० माणसे. वर्षाचा चहा ४०० किलो. एक किलो चहा होण्यास सुमारे साडेचार किलो हिरवी पाने लागतात. म्हणजे १,८०० किलो पाने. सपाटीवरच्या मळ्यात एक बाई दिवसाला २४ किलो खुडते असे धरू. आपल्या साऱ्या मंडळीच्या वर्षभराच्या चहासाठी एका बाईचे ७५ दिवस उभ्याने, पाठीवर टोपली घेऊन, उन्हापावसात जातात. पश्चिम बंगालमधील मळ्यांची रोजची रोख मजुरी २०२३ च्या जूनपासून २५० रुपये झाली. त्या दराने ७५ दिवसांचे १८,७५० रुपये होतात. किलोमागे सुमारे ४७ रुपये. एका किलोत साधारण ५०० कप होतात. म्हणजे खुडणाऱ्या हाताची मजुरी कपामागे दहा पैशांहूनही कमी आहे. ती दुप्पट झाली तरी आपल्या कपावर दहा पैसे वाढणार नाहीत!

निंदणी, छाटणी, कारखाना, वाहतूक यांचा खर्च वेगळा, आणि मळेवाल्यांच्याही अडचणी आहेत. आमचा हिशेब फक्त खुडणीचा आहे. पण यावरून एवढे कळते की गरीब गिऱ्हाइकाला स्वस्त चहा मिळावा म्हणून खुडणारीला गरीब ठेवणे आवश्यक आहे, हे म्हणणे खरे नाही.

४. डोंगरातला लहान शेतकरी

चहा म्हटला की मोठे मळे आठवतात. पण आज देशातील निम्म्याहून अधिक चहा लहान बागाईतदारांच्या पानांपासून होतो. कोणाची एक एकर, कोणाची दोन. अशा शेतकऱ्याची अडचण समजून घ्यावी. बाजरी किंवा कापूस भाव पडला तर चार दिवस घरात ठेवता येतो. चहाचे पान खुडल्यावर काही तासांतच कारखान्यात पोहोचले पाहिजे. नाही तर ते काळे पडते. म्हणून शेतकरी घासाघीस करू शकत नाही. कारखानदार किंवा दलाल देईल तो भाव घ्यायचा. नीतिसूत्रे २०:१४ मधील गिऱ्हाईक आठवा : विकत घेताना मालाला नावे ठेवतो आणि घेऊन गेल्यावर बढाई मारतो. आपल्या मंगळ बाजारात हे नाटक रोज दोन्ही बाजूंनी चालते आणि दोघेही हसत घरी जातात. पण ज्याचा माल संध्याकाळपर्यंत नासणार आहे त्याच्याशी हे नाटक करणे म्हणजे विनोद नव्हे.

यावर डोंगरातील लोकांनी स्वतः काही वाटा काढल्या आहेत.

निलगिरीत लहान शेतकऱ्यांनी सहकारी चहा कारखाने काढले, आणि १९६५ मध्ये त्यांचा संघ कुन्नूर येथे उभा राहिला. त्यात सोळा कारखाने व हजारो सभासद आहेत. पाने आपल्याच कारखान्यात जातात. तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस भाव कोसळले तेव्हा या शेतकऱ्यांचे फार हाल झाले. कारखाना आपला असला तरी बाजार आपला नव्हता.

दार्जिलिंग शहराखालच्या उतारावर मिनरल स्प्रिंग नावाचा भाग आहे. इंग्रजी अमदानीतील हा मळा पुढे मालकांनी सोडून दिला. मजूर मात्र तेथेच राहिले. त्यांनी मका, आले, वेलदोडा लावला, गाई पाळल्या, आणि मधून मधून उरलेली चहाची झुडपे सांभाळली. १९९० च्या दशकात त्यांनी एका स्थानिक सेवाभावी संस्थेच्या मदतीने संयुक्त विकास नावाची आपली संस्था बांधली, रासायनिक खतांवाचून पिकवलेला चहा म्हणून मान्यता मिळवली आणि न्याय्य व्यापाराच्या मार्गाने परदेशी गिऱ्हाईक मिळवले. कालचे मजूर आज शेतकरी आहेत.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यातही चहा लहान शेतकऱ्यांच्याच हाती आहे. तेथे चहा १८४९ च्या सुमारास आला. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने घरे, माणसे आणि कारखाने धुळीस मिळवले. पुष्कळ गोऱ्या मालकांनी बागा विकल्या आणि त्या तेथील लोकांकडे आल्या. कांगडा चहाला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

५. ख्रिस्ती लोकांनी पूर्वी काय केले?

१७९१ मध्ये इंग्लंडात हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमाची साखर खाणे सोडले. त्यांत क्वेकर व इतर सुवार्तावादी घरे पुष्कळ होती, आणि घरातील हा निर्णय बहुतेक ठिकाणी स्त्रियांनी पाळला. चहा बिनसाखरेचा पिण्याची ही साक्ष होती.

१९४६ मध्ये मेनोनाइट पंथाच्या एडना रूथ बायलर या बाईंनी पोर्तो रिको येथील गरीब स्त्रियांचे भरतकाम आपल्या गाडीतून नेऊन ओळखीच्या घरी विकण्यास आरंभ केला. १९४९ मध्ये अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरन या मंडळीने महायुद्धातील निर्वासितांच्या हातच्या वस्तू विकण्याचे काम सुरू केले. हीच ती मंडळी, जिच्या मिशनऱ्यांनी वलसाड, व्यारा, अंकलेश्वर व आहवा येथे शाळा व दवाखाने चालवले, आणि जिच्या येथील मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. इंग्लंडात १९७९ मध्ये ट्रेडक्राफ्ट ही ख्रिस्ती संस्था निघाली. तिचा चहा व कॉफी अनेक मंडळ्यांत उपासनेनंतर दिली जाई. ती २०२३ मध्ये बंद पडली. चांगला हेतू असूनही दुकान बंद पडू शकते, हेही शिकण्यासारखे आहे. सद्भावनेला हिशेबाची जोड लागते.

आपण चहा सोडावा काय? आम्हास तसे वाटत नाही. १७९१ च्या साखरेमागे गुलामगिरी होती आणि ती मोडणे हाच हेतू होता. आज चहा सोडला तर खुडणारीचा रोजगार जाईल आणि लहान शेतकऱ्याचे पान कोणी घेणार नाही. दाविदाच्या कृत्यातून आपण घ्यायचे ते ओळखणे : कोणाच्या श्रमाने हे आले हे जाणून, त्याचा योग्य मोबदला देऊन, आभार मानून पिणे.

६. आक्षेप आणि उत्तरे

"आमच्या मंडळीत हातावर पोट असणारी माणसे आहेत. महाग चहा ही श्रीमंतांची धार्मिकता नव्हे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावू नये. ज्या घरात महिनाअखेर पत्ती दोनदा उकळली जाते त्या घराला दोष देण्यासाठी हा पाठ नाही. म्हणून आरंभ घरापासून न करता मंडळीच्या सामाईक चहापासून करावा. रविवारी शंभर कप होतात असे धरा. कपाला दोन ग्रॅम, म्हणजे आठवड्याला २०० ग्रॅम, वर्षाला सुमारे साडेदहा किलो. थेट शेतकऱ्यांकडून घेतलेला चहा किलोमागे ३०० रुपयांनी महाग पडला तर वर्षाला सुमारे ३,१०० रुपये जास्त; कपामागे साठ पैसे. हे ओझे ज्यांना झेपते त्यांनी गुपचूप उचलावे, आणि चहा सर्वांनी मिळून प्यावा. श्रीमंताचा वेगळा व गरिबाचा वेगळा असे दोन चहा मात्र मंडळीत होऊ नयेत. करिंथच्या मंडळीला पौलाने याच कारणासाठी खडसावले (१ करिंथ ११:२०-२२).

"डोंगरातला चहा दुधात चांगला लागत नाही." हे काही अंशी खरे. आपण आले-वेलदोडा घालून उकळतो त्याला दाणेदार चहाच लागतो. दार्जिलिंग व कांगड्याचा पानाचा चहा उकळायचा नसतो; उकळत्या पाण्यात टाकून तीन-चार मिनिटे झाकून ठेवायचा व गाळायचा. दुधाचा चहा हवा असेल तर निलगिरी किंवा आसामातील लहान शेतकऱ्यांचा दाणेदार चहा शोधावा.

"थेट शेतकऱ्याकडून असे पाकिटावर कोणीही छापील." अगदी बरोबर. दार्जिलिंगच्या नावावर किती खोटा चहा विकला गेला हे जगजाहीर आहे. म्हणूनच भारतातील पहिला भौगोलिक निर्देशांक २००४ मध्ये दार्जिलिंग चहाला द्यावा लागला. म्हणून विकत घेण्यापूर्वी पत्र लिहून किंवा फोनवरून पाच प्रश्न विचारावेत :

(१) हा चहा कोणत्या गावचा आणि कोणत्या महिन्यात खुडलेला आहे?
(२) हिरव्या पानाला किलोमागे शेतकऱ्याला किती मिळाले?
(३) शेतकरी स्वतः खुडतो की मजूर लावतो? मजुराला काय देतो?
(४) पैसे केव्हा हाती पडतात?
(५) संस्थेत स्त्रियांना बोलण्याची व मत देण्याची जागा आहे काय?

तिसरा प्रश्न विसरू नये. लहान शेतकरीही कोणाचा तरी मालक असतो, आणि साखरेची कथा आपण वर वाचली आहे. जो प्रामाणिक आहे तो अशा प्रश्नांनी रागावत नाही.

आपल्यालाही एक नियम हवा. लेवीय १९:१३ मध्ये मजुराचे वेतन सकाळपर्यंत ठेवू नये अशी आज्ञा आहे. माल आल्यावर "पुढच्या महिन्यात पाहू" असे म्हणणारी मंडळी थेट खरेदी करून शेतकऱ्याचे भले करीत नाही. ती दलालापेक्षाही वाईट ठरते, कारण दलाल निदान रोख देतो. शक्य असेल तर अर्धे पैसे आगाऊ पाठवावेत आणि वर्षभर घेण्याचा शब्द द्यावा. एकदा घेऊन विसरणारे दहा गिऱ्हाईक शेतकऱ्याला नको असतात. दरवर्षी येणारे एक हवे असते.

७. शिक्षकांसाठी

वर्गात तीन वाट्या ठेवाव्यात : दूध, साखर, पत्ती. प्रत्येक वाटीपुढे मुलांनी लिहावे : हे कोठून आले, कोणाच्या हातांनी आले, आणि त्या हातांना काय मिळाले. तिसऱ्या वाटीपुढे बहुतेक जागा कोरी राहील. तो कोरा कागद तसाच भिंतीवर लावावा आणि महिनाभरात माहिती मिळेल तशी भरावी.

चर्चेसाठी प्रश्न :
(अ) दाविदाची केवळ इच्छा तिघांच्या जिवावर आली असती. आपल्या कोणत्या लहानसहान इच्छांचे ओझे दुसऱ्यांवर पडते?
(आ) आमोस ८:४-६ मधील व्यापारी शब्बाथ केव्हा संपेल याची वाट पाहतात. उपासना करणारा माणूस मापात कसा खोटा होतो?
(इ) जक्कयाने (लूक १९:८) केवळ पश्चात्तापाचे शब्द उच्चारले नाहीत. त्याने आकडे सांगितले. आपल्या मंडळीने कोणता आकडा सांगावा?
(ई) ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले आपल्या ओळखीत आहेत काय? त्यांच्यासाठी आपण काय करू शकतो?

पाठांतरासाठी वचन : मीखा ६:८.

प्रार्थना : हे प्रभू, तू सुताराच्या घरी वाढलास आणि श्रमाची किंमत जाणतोस. जे आम्ही रोज खातो-पितो त्यामागील हात आम्हांस दाखव. डोंगरात टोपली घेऊन उभ्या असलेल्या बहिणींना, फडात कोयता चालवणाऱ्या भावांना आणि पहाटे दूध काढणाऱ्यांना तू आज बळ दे व त्यांचा वाटा त्यांना मिळू दे. आमचे माप खरे राहो आणि आमचा पैसा वेळेवर पोहोचो. आमेन.